मीठ लपते वाटीत

मागे बीजिंगला गेलो असता एका गल्लीतल्या स्वस्त खाणावळीत 'जियाओझी' खाण्याचा योग आला. गव्हाच्या पिठाची पातळ पारी, आत अंडे व लसणीच्या पातीसारख्या भाजीचे सारण, आकार आपल्या करंजीचा. मात्र तळण नाही, उकळत्या पाण्यात शिजवलेले.

मी स्वतः रक्तदाबाचा रुग्ण. तळलेले नाही, म्हणून निर्धास्तपणे प्रत्येक घास सोया सॉसमध्ये बुडवत गेलो. वाटी रिकामी झाली तेव्हा माझ्यातला डॉक्टर जागा झाला! मोठ्या चमचाभर (१५ मि.लि.) सोया सॉसमध्ये साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे जवळजवळ निम्मा वाटा एका चमच्यातच संपतो.

शेजारच्या टेबलावरचे आजोबा नुसत्या काळ्या व्हिनेगरबरोबर, लसणीची पाकळी चावत खात होते. पुढचे घास मीही तसेच खाल्ले. चवीत काही उणे वाटले नाही.

आपल्याकडे मोमो वा चायनीजच्या गाडीवर हेच ध्यानात ठेवा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी सोया सॉस वरून मागू नये. गोळ्या चालू आहेत म्हणून मिठाचे पथ्य सुटत नाही.