ड्रॉईंगवर न लिहिलेली सूट



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. गव्हाण, मिल, पंप सगळे उघडले जाते. झिजलेले भाग आपल्या वर्कशॉपमध्ये किंवा बाहेरच्या लेथवर नवे करून घ्यावे लागतात. दुरुस्ती खर्चाचा आकडा अहवालात आपण वाचतो, वार्षिक सभेत त्यावर प्रश्नही विचारतो. त्या खर्चातला काही भाग ड्रॉईंगच्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर ठरतो. ती ओळ जनरल टॉलरन्सची, म्हणजे सर्वसाधारण सुटीची.

कोणतीही वस्तू तंतोतंत मापात होत नाही. १०० मि.मी. सांगितले तर कारागिराकडून ९९.९ होईल, नाहीतर १००.१. मग किती फरक चालवून घ्यायचा? प्रत्येक मापापुढे हे लिहीत बसले तर ड्रॉईंग आकड्यांनीच भरेल. म्हणून, जिथे काही लिहिलेले नाही तिथे कोणती सूट धरायची, हे एकदाच लिहून टाकतात. यासाठी आय.एस. २१०२ भाग १ हे १९९३ सालचे भारतीय मानक आहे. ते १९८९ च्या आय.एस.ओ. २७६८-१ वरून जसेच्या तसे घेतले आहे. त्यात बारीक, मध्यम, ढोबळ आणि अतिढोबळ असे चार वर्ग आहेत. माप मोठे तशी सूट मोठी. मध्यम वर्गात ३० ते १२० मि.मी. मापाला ०.३ मि.मी. आणि १२० ते ४०० ला ०.५ मि.मी. कमी-जास्त चालते. ढोबळ वर्गात हेच आकडे ०.८ आणि १.२ होतात. सुताराचे एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास भरते, त्यावरून अंदाज घ्यावा.

वर्ग कोणता निवडायचा? बऱ्याच जणांना वाटते, बारीक लिहिले की काम चांगले होणार. तसे नाही. बारीक लिहिले की कारागीर एक कट जादा घेणार, दहादा मोजणार आणि त्याचे दाम लावणार. उलट बाजूही ऐका. ज्या वर्कशॉपला ०.३ सहज जमते, त्याला ८० मि.मी.च्या मापावर १ मि.मी. सूट दिली म्हणून तो एक रुपयाही कमी करणार नाही! म्हणून साधारण वर्कशॉपला रोजच्या हाताने जे जमते तो वर्ग लिहावा. लेथ-मिलिंगच्या कामाला बहुतेक वेळा मध्यम पुरतो. ही सूट मशीनवर केलेल्या आणि पत्र्याच्या कामाची आहे. ओतीव आणि वेल्डिंगच्या कामाला वेगळी मानके आहेत, ती मिसळू नयेत.

पण सगळे या एका ओळीवर सोडून चालत नाही. गव्हाणीच्या साखळीचेच घ्या. समजा दोन साखळ्या शेजारी चालतात आणि कडीचा पिच १५० मि.मी. आहे. मध्यम वर्गाने प्रत्येक कडीला अर्धा मिलिमीटर सूट मिळते. एका साखळीच्या १०० कड्या अर्ध्याने लांब निघाल्या आणि दुसरीच्या अर्ध्याने आखूड, तर दोहोंत १०० मि.मी., म्हणजे चार इंचांचा फरक पडला. सुटी कडी मोजाल तर प्रत्येक पास! पण वरच्या पट्ट्या तिरक्या ओढल्या जाणार, साखळी स्प्रॉकेटवर चढणार. गव्हाण थांबली की मिल थांबली. मग गाड्या रांगेत उभ्या, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. हे नुकसान शेवटी कोणाच्या पदरात येते ते सांगायला नको. म्हणून अशा ठिकाणी पिचला स्वतंत्र, कडक सूट लिहावी. शिवाय दहा-दहा कड्या ताणून एकत्र लांबी मोजून घ्यावी आणि साखळ्या जोडीने जुळवून घ्याव्यात. इथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणखी एक गोष्ट खरेदीत वाद घालते. सर्वसाधारण सुटीच्या बाहेर गेलेला भाग आपोआप नापास होतो असे हे मानक म्हणत नाही. त्या भागाच्या कामात बिघाड येत नसेल, तर एरवी तो चालवून घ्यावा असा त्याचा रोख आहे. मापाबाहेरचा माल परत करायचाच असेल, तर तसे ऑर्डरमध्ये आधीच लिहून घ्यावे. माल स्टोअरच्या दारात आल्यावर हुज्जत घालून उपयोग नसतो.

आता आपल्या विहिरीवरच्या पंपाकडे या. शाफ्टला २५ मि.मी. भोकाचे, ६२०५ नंबरचे बेअरिंग आहे, आणि लेथवाल्याला नुसते "पंचवीस कर" म्हणालात. मध्यम सुटीने तो २४.८ करील किंवा २५.२. पहिल्यात बेअरिंग शाफ्टवर फिरून शाफ्ट खाते, दुसऱ्यात ते बसतच नाही. अशा जागी साधारणपणे २५.००२ ते २५.०१५ असा शाफ्ट लागतो. हा फरक व्हर्नियरवर भरवशाने कळत नाही. जाताना नवे बेअरिंग बरोबर न्या आणि पैसे देण्याआधी शाफ्ट मायक्रोमीटरने मोजून दाखवायला सांगा.