बोर्डनसाहेबांची बडोद्याची नोकरी



पनवेल स्टेशनावर थोडा वेळ उभे राहा. वसईमार्गे गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या तुम्हांला दिसतील. त्यांतल्या काही बडोद्याला थांबतात. पोटापाण्यासाठी माणूस गाव सोडतो, एक नोकरी सोडून दुसरी धरतो, यात आपल्याला काही नवल वाटत नाही. आपल्या वर्गातलेच किती जण असे आलेले आहेत! पण आज मी ज्या माणसाची हकीकत सांगणार आहे, तो बडोद्याला नोकरीसाठी आला तो थेट अमेरिकेहून. साल होते १९१०. त्याचे वय होते सत्तावन्न. आणि त्याचा धंदा काय? तर पुस्तके सांभाळणे. अशा माणसाला ग्रंथपाल म्हणतात.

त्याचे नाव विल्यम बोर्डन. बडोद्याला त्याला कोणी बोलावले, आणि का बोलावले, हे आधी सांगतो. ती गोष्ट आपल्या नाशिक जिल्ह्यातून सुरू होते.

मालेगाव तालुक्यात कौळाणे नावाचे गाव आहे. तिथे १८६३ साली एका शेतकरी घरात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षर-ओळख नव्हती. हे घराणे गायकवाडांच्या भाऊबंदांपैकी. बडोद्याची गादी रिकामी झाली, तेव्हा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतले. हेच ते सयाजीराव महाराज. मग गुरुजी आले, पाट्या आल्या, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असा चार भाषांचा अभ्यास एकदम मागे लागला. उशिरा शिकायला लागले की काय होते ते तुम्हांला वेगळे सांगायला नको. बोटे वळत नाहीत, डोळा ओळीवर ठरत नाही. महाराजांनी ते सारे सोसले, आणि पुढे ते एवढे वाचू लागले की राजवाड्यात त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांचा मोठा संग्रह झाला.

आपल्याला जे उशिरा मिळाले ते रयतेच्या मुलांना वेळेवर मिळावे, असे महाराजांच्या मनाने घेतले. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात शिक्षण सक्तीचे करून पाहिले. १९०६ साली ते साऱ्या संस्थानाला लागू झाले. संस्थान म्हणजे राजाच्या ताब्यातला मुलूख. मुले शाळेत जाऊ लागली, चार इयत्ता शिकू लागली. पण पुढे काय? शाळा सुटली की मुलगा औताला जुंपला जायचा, मुलगी चुलीपाशी बसायची. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरे पुसून जायची. सरकारचा पैसा गेला, मास्तरांची मेहनत गेली, आणि अंगठा होता तो अंगठाच राहिला.

हे मी शिक्षक म्हणून पुष्कळदा पाहिले आहे. आमच्या हाताखालून गेलेला एक हुशार मुलगा पंधरा वर्षांनी बाजारात भेटला. सातबाऱ्याचा कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचून दाखवा." मला इतके वाईट वाटले की मी त्याच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही. त्याला शिकवले मीच होते!

महाराजांपुढे हाच प्रश्न होता, पण लाखो माणसांचा. १९०६ साली ते अमेरिकेत गेले होते. तिथे त्यांनी गावोगावची वाचनालये पाहिली. १९१० साली ते पुन्हा गेले, आणि या खेपेला माणूसच ठरवून आले.

आता त्या माणसाकडे वळू. बोर्डन हे न्यू हेवन नावाच्या शहरात एका वाचनालयाचे ग्रंथपाल होते. हे वाचनालय कोणा श्रीमंताने काढलेले नव्हते. १८२६ साली काम शिकणाऱ्या काही तरुण कारागिरांनी आपापली पुस्तके एकत्र केली आणि ते सुरू केले. दिवसा हत्यार, रात्री पुस्तक! आपल्या रात्रीच्या वर्गासारखेच म्हणा ना. त्याआधी बोर्डन बोस्टन शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात कटर नावाच्या नामांकित ग्रंथपालाच्या हाताखाली शिकले होते. न्यू हेवनला त्यांची वीस वर्षांहून अधिक नोकरी झाली होती. कोणते पुस्तक कोणत्या फळीवर, हे त्यांना डोळे मिटून सांगता आले असते.

अशा वयात आणि अशा मुरलेल्या जागेवरून माणूस सहसा हलत नाही. शिवाय जायचे कुठे? सातासमुद्रापलीकडे, दुसऱ्या हवेत, दुसऱ्या भाषेत. नवा धनी म्हणजे राजा. पहिला धनी म्हणजे वर्गणी भरणारे सभासद. दोघांची रीत वेगळी. न्यू हेवनला एक इमारत सांभाळायची होती, इथे सुमारे वीस लाख वस्तीचा मुलूख होता, आणि त्यात बहुतेकांना वाचता येत नव्हते. तरीही बोर्डन आले. करार तीन वर्षांचा होता. करार म्हणजे दोन्ही बाजूंनी कबूल केलेला लेखी ठराव.

तीन वर्षे ही मुदत ध्यानात ठेवा. पुढचे सारे तिच्यावर आहे.

बोर्डनसाहेबांना बडोद्यात हुद्दा मिळाला तो साऱ्या संस्थानाच्या ग्रंथालयांच्या मुख्याचा. राजवाड्यातला महाराजांचा संग्रह त्यांच्या हवाली झाला. सुमारे वीस हजार पुस्तके होती. त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. राजाची पुस्तके रयतेच्या हातांत आली. पुस्तकांची विषयवार लावणी करण्यासाठी बोर्डननी अमेरिकेतल्या दोन पद्धती एकत्र करून बडोद्यापुरती एक नवी पद्धत बसवली. या लावणीला वर्गीकरण म्हणतात. किराणा दुकानात डाळी एकीकडे, मसाले एकीकडे असतात ना, तसेच हे. फरक एवढाच की दुकानात शंभर जिनसा, इथे हजारो.

पण शहरातल्या इमारतीने खेड्याचे काय भागणार? म्हणून खात्याचे दोन भाग पडले. एक शहराचा, एक खेड्यांचा. खेड्यांच्या कामात मोतीभाई अमीन हे गृहस्थ होते. ते मूळचे शिक्षक. बोर्डन येण्याच्या आधीच, १९०६ पासून, त्यांनी मित्रमंडळे काढून खेडोपाडी वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचायची सोय चालवली होती. हे मी मुद्दाम सांगतो. पुष्कळ लोक असे लिहितात की अमेरिकेहून साहेब आले आणि बडोद्यात वाचनालये झाली. तसे नाही. जमीन मोतीभाईंसारख्यांनी आधीच नांगरलेली होती. पैशांची रीतही छान होती. गावाने एक वाटा जमवायचा, प्रांताच्या पंचायतीने तेवढाच द्यायचा, सरकारने तेवढाच द्यायचा. गावाचा पैसा लागला की गावाचे लक्ष राहते. फुकटच्या वाचनालयाला कुलूप लवकर लागते असा माझा अनुभव आहे.

जिथे एवढेही जमत नव्हते, तिथे पेटी जायची. लाकडाची भक्कम पेटी, तिच्यात पंधरा ते तीस पुस्तके. गावकऱ्यांनी ती वाचायची, आणि वाचून झाली की परत पाठवायची. जाण्यायेण्याचा खर्च सरकारचा. यांना फिरती वाचनालये म्हणत. आणि ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचे काय? त्यांच्यासाठी खात्याने एक निराळी शाखा काढली. पडद्यावर दिव्याने चित्रे दाखवायची, हलती चित्रेही दाखवायची, आणि त्यांतून माहिती द्यायची. निरक्षर माणूसही वाचनालयाचा धनी आहे, हे त्या काळी एका सरकारी खात्याने मानले. मला या साऱ्या हकीकतीत सर्वांत आवडलेली गोष्ट ती हीच.

आता तीन वर्षांकडे येतो.

आधी माझी एक गोष्ट सांगतो. मी एका शाळेत होतो. तिथे पुस्तकांची सहा कपाटे होती. ती सांभाळणारे गृहस्थ फार तरबेज. मुलाने नुसते "ते घोड्याचे पुस्तक" म्हटले की ते उठून नेमके काढून द्यायचे. आम्ही सगळे त्यांचे कौतुक करायचो. त्यांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली आणि ते गेले. जाताना त्यांनी किल्ल्या दिल्या. आम्ही कपाटे उघडली, आणि मग डोळे उघडले. दाखलनोंदीची वही अर्धवट. विषयांची यादी नाही. कोणाकडे काय गेले आहे, याचा पत्ता नाही. सारी व्यवस्था त्यांच्या डोक्यात होती, आणि डोके गावाबाहेर गेले होते! त्यांनी काही लबाडी केली नव्हती. माणूस सचोटीचा होता. पण त्यांनी कोणाला शिकवले नाही, आणि आम्ही मुख्याध्यापक म्हणवणाऱ्यांनी त्यांना कधी विचारले नाही. दोन महिने आम्ही पुस्तके जमिनीवर मांडून बसलो होतो.

बोर्डनसाहेबांना आपण जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणून १९११ सालीच त्यांनी बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग उघडला. भारतात असे शिक्षण देणारा हा पहिलाच वर्ग. पुस्तक आले की नोंद कशी करायची, क्रमांक कसा द्यायचा, तालिका कशी करायची, देवघेव कशी ठेवायची, हे सारे इथल्याच माणसांना शिकवायला सुरुवात झाली. तालिका म्हणजे पुस्तकांची ओळीने लावलेली यादी. १९१२ सालापासून खात्याचे एक नियतकालिकही निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे.

एका साहेबाला तीन वर्षे पगार देण्यापेक्षा तेवढ्यात पुस्तके घेतली असती तर, असा प्रश्न परवा आमच्या वर्गात एका बाईंनी केला. त्या स्वतः भाजीचा धंदा करतात, तेव्हा हिशेब पक्का. मी म्हटले, बाई, पुस्तके आली असती, पण ती लावणारा हात आला नसता. त्या म्हणाल्या, "हात तर तो परत घेऊन गेला की!" वर्ग हसला. मीही हसलो. पण त्यांचा प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर १९१३ साली मिळाले.

त्या साली मुदत भरली आणि बोर्डन अमेरिकेला परत गेले. खाते बंद पडले नाही. त्यांच्यामागे जनार्दन कुडाळकर हे खात्याचे प्रमुख झाले. बडोद्याच्या ग्रंथालयांच्या चळवळीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १९१९ साली निघाले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले. हे पूर्वी महाराजांना वाचून दाखवण्याचे काम करत. खेड्यांचे काम मोतीभाईंनी चालू ठेवले. पेट्या जातच राहिल्या. माणसे बदलली, पण वही तीच राहिली.

सयाजीराव महाराज १९३९ साली वारले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० पासून ते शहर गुजरात राज्यात आहे. मध्यवर्ती ग्रंथालय मांडवी भागात आहे. आपल्यापैकी कोणी त्या बाजूला गेले तर जरूर पाहावे. पुस्तकांच्या फळ्या पोलादाच्या, आणि मजल्यांची जमीन काचेची, म्हणजे वरचा उजेड खाली झिरपतो आणि दिव्याशिवाय पाठीवरचे नाव वाचता येते. तुम्हांला आता ते वाचता येईल.

बोर्डन १९३१ साली वारले. न्यू हेवनचे ते कारागिरांचे वाचनालयही अजून चालू आहे. तिथल्या फळ्यांवर पुस्तके लावण्याची पद्धत त्यांनीच बसवलेली आहे.