पूर येण्यापूर्वी माहेरघरी

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. अतिवृष्टीत पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहून हा परिसर अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. अशा वेळी १०८ ला दूरध्वनी लागला तरी रुग्णवाहिका पैलतीरीच थांबते. प्रसूतीच्या कळा मात्र पूर ओसरण्याची वाट पाहत नाहीत.

आपलेही गाव नाल्यापलीकडे असेल, तर माता व बाल संरक्षण कार्डावरील प्रसूतीची संभाव्य तारीख आजच पाहा. ती पावसाळ्यात येत असल्यास, रस्ता सुरू असतानाच, काही दिवस आधी गरोदर मातेला आरोग्य केंद्राजवळील माहेरघरात पोहोचवा. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत ही सोय याचसाठी आहे. सोबत नातेवाईक राहू शकतात. धानाची रोवणी तोंडावर असते, घरात माणूसबळ कमी असते, हे खरे. म्हणूनच पती व सासूबाईंनी आशाताईंशी बोलून हे आधी ठरवावे. सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया लागली तरी, २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार विनामूल्य आहे.

रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज दिसल्यास तारखेसाठी थांबू नका. क्षयरोग व रक्तदाबाची नेहमीची औषधे आणि ओआरएसची पाकिटे पावसापूर्वी घरात असावीत.

नवी दिल्लीहून निघालेले हे पत्रक आपल्या हाती पडेपर्यंत कदाचित नाल्याला पाणी आले असेल. तसे असल्यास पाण्यात उतरू नका. आशाताईंमार्फत आरोग्य केंद्रास तत्काळ कळवा.