घरचे लोणी : हाताने फिरवायच्या रवीची रचना आणि लोण्याचा उतारा



आपल्या उसाला उतारा किती पडला, हे आपण हंगामात रोज विचारतो. शंभर किलो उसातून साखर किती निघाली, बगॅसमध्ये किती गेली, मळीत किती गेली, याचा हिशोब कारखाना रोज ठेवतो आणि वार्षिक सभेत आपण तो मागतो. पण आपल्याच घरात पहाटे जे ताक घुसळले जाते, त्यातल्या लोण्याचा उतारा कुणी कधी काढला आहे काय? किती लोणी आले ते दिसते. ताकाबरोबर किती गेले ते दिसत नाही. आणि ते काढताना घरच्या बाईचा खांदा किती दुखला, हे तर कुणाच्याच वहीत लिहिलेले नसते.

ज्यांच्या दावणीला एक-दोन म्हशी आहेत, जे बहुतेक दूध संस्थेत घालून चार-पाच लिटर घरी ठेवतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गावच्या सुताराकडून आणि लोहाराकडून सहज करून घेता येईल अशा हातरवीची मापे यात दिली आहेत. विजेवरच्या रव्या बाजारात मिळतात, ज्यांना परवडते त्यांनी त्या जरूर घ्याव्यात. पण वीज असो वा नसो, हातरवी आपल्या सोयीने चालते, आणि तिची रचना समजली की घुसळण्याचे सगळे मर्म समजते.

लोणी येते म्हणजे काय होते?

दुधातील स्निग्धांश अतिशय बारीक थेंबांच्या रूपात पसरलेला असतो. म्हशीच्या दुधातले हे थेंब गाईच्या दुधातल्यापेक्षा सरासरीने मोठे असतात, तरीही एका मिलिमीटरच्या रेघेवर ते दोनशे-तीनशे सहज मावतील. प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. घुसळताना थेंबावर थेंब आपटतो, पापुद्रा फाटतो, आतला अर्धवट घट्ट स्निग्धांश बाहेर डोकावतो आणि शेजारच्या थेंबाला चिकटतो. असे लाखो थेंब एकत्र आले की मोहरीएवढा कण होतो, कणाला कण मिळून दाणा होतो. तेच लोणी.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, थेंब आपटले पाहिजेत, नुसते फिरून उपयोग नाही. दोन, स्निग्धांश अर्धवट घट्ट पाहिजे. फार गरम असला तर तो पातळ होऊन ताकातच राहतो, फार गार असला तर चिकटत नाही. तीन, भांड्यात हवा पाहिजे, कारण हवेच्या बुडबुड्यांवर हे थेंब गोळा होतात. म्हणून भांडे कधीही अर्ध्याच्या वर भरू नये.

जुन्या रवीत काय खुबी होती?

आजीची रवी, दोरी आणि घुसळखांब आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्याचा जरा हिशोब मांडून बघा. रवीच्या दांड्याचा व्यास साडेतीन सेंटीमीटर धरला तर त्याचा घेर अकरा सेंटीमीटर होतो. एका ओढीत अर्धा मीटर दोरी आली, तर रवी साडेचार फेरे फिरते. मिनिटाला साठ ओढी झाल्या तर दोनशे सत्तर फेरे होतात. म्हणजे दातेरी चाक नसताना केवळ बारीक दांडा आणि लांब ओढ यांच्या जोरावर आजीने फेरे वाढवून घेतले होते.

दुसरी खुबी याहून मोठी. दोरी उजव्या हाताने ओढली की रवी एका अंगाला फिरते, डाव्या हाताने ओढली की उलट फिरते. ताक एका दिशेला धावू लागले, की रवी त्याला उलटून सामोरी येते. सगळी आपटाआपटी तिथे होते.

ही दुसरी खुबी मला उशिरा कळली. ती कशी कळली, तेही सांगतो.

माझे पहिले यंत्र का फसले?

आईचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, तरी पहाटे घुसळणे सुटेना. म्हणून मी सुताराकडचे हाताने फिरवायचे जुने ड्रिल घेतले, त्याच्या चकमध्ये गज अडकवला, गजाला खाली पाती बसवली आणि गोल डब्यात सोडली. हँडल एकदा फिरवले की पाती चार वेळा फिरायची. मला वाटले, जिंकलो! पाऊण तास फिरवले. ताक मध्ये खळगा पाडून गरागरा फिरत होते, लोण्याचा पत्ता नाही. आई पाटावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "आरं, ताक नुसतं पात्याच्या मागनं पळतंय. त्येला आडवं कोण जातंय?" आणि दुखऱ्या खांद्याने तिने जुनी रवी लावून लोणी काढले.

त्या एका वाक्यात सगळे यंत्रशास्त्र आले. पाती एकाच दिशेने फिरली की गोल भांड्यातले ताक तिच्याबरोबरच फिरायला लागते. दोघांचा वेग सारखा झाला की आपटणे संपले. म्हणून ताकाला आडवे जाणारे काहीतरी भांड्यात पाहिजे. मी झाकणाला चार उभ्या पट्ट्या टांगल्या. ताक पट्टीवर आपटून आत वळू लागले, मधला खळगा बुजला, आणि पंचवीस मिनिटांत दाणा धरला. यंत्रात दुसरे काहीही बदलले नव्हते.

मापे आणि बांधणी

एका वेळी चार लिटर दही घुसळायचे, असे धरून ही मापे दिली आहेत.

१) डबा : स्टेनलेस स्टीलचा, उभा, गोल. आतला व्यास २२ सेंटीमीटर, उंची २८ सेंटीमीटर. यात साडेदहा लिटर मावते, आपण पाचच लिटर भरायचे. कल्हई नसलेले पितळ-तांबे वापरू नये, त्यात ताक कळकते आणि तुपाला लवकर खवट वास येतो. जस्ताचा पत्रा आणि अॅल्युमिनियमही आंबट ताकाला नकोच.

२) झाकण : चांगल्या वाळलेल्या, वास न येणाऱ्या लाकडाचे, दोन सेंटीमीटर जाड. कडुनिंबाचे नको, कडवटपणा उतरतो. खालून खाच पाडून ते डब्याच्या काठावर घट्ट बसवावे आणि दोन बाजूंनी चिमट्यांनी आवळावे, म्हणजे फिरवताना झाकण सरकणार नाही. मध्ये गजासाठी भोक. कडेला पाच सेंटीमीटरचे दुसरे भोक, त्याला लाकडी बूच. याच भोकातून आत बघायचे आणि पाणी घालायचे.

३) आडव्या येणाऱ्या पट्ट्या : झाकणाला खालून चार उभ्या स्टीलच्या पट्ट्या, समान अंतरावर. रुंदी दोन सेंटीमीटर, म्हणजे डब्याच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. लांबी २४ सेंटीमीटर. पट्टीची कड डब्याच्या भिंतीकडे आणि रुंद अंग फिरत्या ताकाला आडवे यावे. भिंतीपासून अर्धा सेंटीमीटर जागा सोडावी, नाहीतर तिथे लोणी अडकून बसते. पट्ट्या डब्याला जोडून टाकू नयेत. झाकणाला असल्या की झाकण उचलले की सगळे बाहेर येते आणि धुता येते.

४) पाती : लाकडाच्या दोन फळ्या, प्रत्येकी १२ सेंटीमीटर लांब, ६ सेंटीमीटर उंच, १ सेंटीमीटर जाड. एकमेकींत खाच पाडून अधिक चिन्हासारख्या अडकवाव्यात. खिळा किंवा डिंक वापरू नये. कडा गोल घासून घ्याव्यात.

५) गज : स्टेनलेस स्टीलचा, आठ मिलिमीटर जाड, साधारण ३६ सेंटीमीटर लांब. वरचे टोक ड्रिलच्या चकमध्ये, खालच्या टोकाला पाती, आडव्या पिनेने पक्की. पात्याची खालची कड तळापासून तीन सेंटीमीटर वर असावी. हे तीन सेंटीमीटर महत्त्वाचे आहेत. काम झाल्यावर चक सैल केले की गज तेवढा खाली उतरतो, चकमधून सुटतो आणि डबा अलगद पुढे ओढून घेता येतो.

६) चौकट : जाड पाटावर दोन उभे दांडे आणि वर आडवी फळी. ड्रिल उभे धरून क्लॅम्पने फळीला आवळावे. ड्रिलचे हँडल आखूड असते, त्याला लोहाराकडून बारा सेंटीमीटरची पट्टी जोडून मूठ बसवावी. बसून फिरवायचे की उभे राहून, ते आधी घरच्या बाईला विचारावे आणि मूठ तिच्या कोपराच्या उंचीला येईल अशी चौकट करावी. पुरुषाच्या मापाने करू नये.

एक खबरदारी. जुन्या ड्रिलचे काळे ग्रीस रॉकेलने पूर्ण काढून, साबणाने धुऊन, वाळवून मगच वापरावे. दात्यांना वंगण म्हणून खाण्याचे तेल थेंबभर पुरते. गजावर, झाकणाच्या वर, एक लहान वाटी उताणी बसवावी, म्हणजे वरचा थेंब ताकात पडणार नाही.

घुसळण्याची रीत

दूध तापवून कोमट झाल्यावर विरजण लावावे. दहा-बारा तासांत दही घट्ट लागते, फार शिळे व आंबट होऊ देऊ नये. चार लिटर दही डब्यात घालून पहिली दोन-तीन मिनिटे हळू फिरवावे. दही मोडले की मिनिटाला पंचावन्न ते साठ फेरे या चालीने हँडल फिरवावे. म्हणजे पाती सव्वादोनशेच्या आसपास फिरते, आजीच्या रवीच्या जवळपास.

मग लिटरभर पाणी थोडेथोडे घालावे. उन्हाळ्यात माठातले गार पाणी, जमल्यास बर्फाचा खडा टाकून. थंडीत कोमट पाणी. फेस येऊन वर चढतो आणि बसत नाही, तर दही फार गार आहे किंवा डबा जास्त भरला आहे. लोणी तेलकट, लिबलिबीत येते, तर दही गरम आहे. उन्हाळ्यात घुसळणे पहाटेच उरकावे, हे जुने वळण त्यासाठीच होते.

लोणी आले हे कानाला कळते. आधी जड, भरीव आवाज येत असतो, मग तो मोकळा, पाण्यासारखा होतो. बूच काढून बघावे. मोहरीएवढे कण दिसले की चाल कमी करावी. ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की थांबावे. लोणी तसेच खायला ठेवायचे असेल तर पुढे फिरवत राहू नये. गोळ्यात ताक कोंडते आणि लोणी लवकर आंबते. दाणे काढून गार पाण्याने दोनदा धुवावेत आणि दाबून पाणी काढावे.

आता उतारा काढा

दूध संस्थेच्या पावतीवर फॅट लिहिलेली असते. तीच आपली प्रयोगशाळा. लिटर गुणिले फॅट गुणिले १०.३ केले, की दुधात किती ग्रॅम स्निग्धांश होता ते निघते. चार लिटर दूध, फॅट ६.५ असेल, तर ४ × ६.५ × १०.३ = साधारण २६८ ग्रॅम. त्या लोण्याचे तूप कढवून वजन करा. २२० ग्रॅम भरले तर उतारा ८२ टक्के. हाताने दही घुसळून ऐंशीच्या वर उतारा म्हणजे चांगले काम. १८० ग्रॅमच भरले तर उतारा ६७. थोडे बेरीत राहते, बाकीचे ताकात गेले.

फरक चाळीस ग्रॅमचा. दिसायला किरकोळ. पण दिवसाआड घुसळत असाल तर महिन्याला पंधरा वेळा, म्हणजे सहाशे ग्रॅम तूप ताकाबरोबर निघून जाते. आणखी एक सोपी खूण : पेलाभर ताक रात्री गार जागी ठेवा. सकाळी वर लोण्याचा जाड थर दिसला, तर घुसळणे अपुरे झाले आहे. असा उतारा आठवडाभर लिहून ठेवला की पाणी, वेळ, चाल यांपैकी कुठे चुकते ते आपोआप सापडते.

स्वच्छता

ताक काढल्यावर आधी गार पाण्याने, मग कढत पाण्याने डबा, पट्ट्या, पाती धुवावी आणि उन्हात पालथी घालावी. लाकडी पात्याला चीर गेली की ती बदलावी. चिरेत राहिलेले ताक दुसऱ्या दिवशीचे लोणी नासवते.

सभासद बंधूंनो, या यंत्रात नवे असे थोडेच आहे. चाके बाजारातली, लाकूड गावातले, आणि मर्म आजीच्या रवीतले. आमची आई आता डाव्या हाताने हँडल फिरवते. पहिल्या दिवशी उतारा ८१ आला, तेव्हा मी वहीत लिहिला. तिने विचारले, "कितीचा कितवा भाग गेला म्हनं?" सांगितला. म्हणाली, "मग उद्या पानी जरा गार घाल." दुसऱ्या दिवशी ८४ आला. तिने आयुष्यभर घुसळले, पण उतारा तिला कुणी सांगितला नव्हता. आपापल्या घरी तो सांगावा, एवढीच विनंती.