जाळ्यातली रोजकीर्द

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या आज्ञावलीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हिशेब तपासणे हा आमचाच विषय (कन्नड विभागातील आमचे मित्र त्यालाच 'लेक्क' म्हणतात), आणि संगणकांच्या जाळ्यातही एक रोजकीर्द असते. ती मी प्रथम सुरतेजवळ इच्छापोरला पाहिली. माझे मामा तेथे एका हिरे-कारखान्याच्या कचेरीत कारकून आहेत. कचेरीतले संगणक फार संथ चालू लागले, तेव्हा दुरुस्तीस आलेल्या मुलाने पडद्यावर भराभर ओळी उमटविल्या. "ही टीसीपीडम्प. कोण कोणाशी बोलतोय ते दाखवते," एवढेच तो म्हणाला.

संगणक एकमेकांना मजकूर पाठवितात तो लहान लहान पाकिटांत. प्रत्येक पाकिटावर पाठविणाराचा आणि घेणाराचा पत्ता असतो. ही आज्ञावली ती पाकिटे वाटेत टिपून त्यांची नोंद करते. आतला मजकूर सांकेतिक असेल तर तो वाचता येत नाही, पत्ता मात्र दिसतो. अर्थात जाळे ज्याचे, त्याची परवानगी आधी हवी.

टीसीपीडम्प 1988 च्या सुमारास अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी लिहिली. तिचा मूळ मसुदा, म्हणजे सोर्स कोड, सर्वांस खुला आहे. 1999 पासून एक स्वयंसेवी गट तो सांभाळतो. एकदा लिहिलेल्या आज्ञावलीस सांभाळायचे ते काय, असे मलाही वाटे. पण येणारे पाकीट परक्याचे असते. त्यावर लांबी शंभर लिहिलेली आणि आत वीसच अक्षरे, असेही घडते. बेरीज न पडताळता बिल मंजूर करणाऱ्या कारकुनासारखी आज्ञावली त्या आकड्यावर विसंबली, तर ती स्मृतीच्या भलत्याच भागात शिरते. 2017 मध्ये निघालेल्या 4.9.2 या आवृत्तीत असे सुमारे नव्वद दोष दुरुस्त केले गेले. हे काम कंटाळवाणे खरे, आणि त्याचे कौतुकही कोणी करीत नाही.

याहून गंभीर प्रकार नोव्हेंबर 2002 मध्ये घडला. खुद्द या गटाच्या साठ्यात कोणीतरी शिरून मसुद्यात फेरफार केला. तो मसुदा घेऊन आज्ञावली तयार करणाराचा संगणक गुपचूप बाहेरच्या एका संगणकाशी बोलू लागे. आणि पाकिटे टिपणाऱ्या भागात अशी खोड केली होती, की नेमकी तीच पाकिटे नोंदीतून वगळली जावीत! तपासनीसालाच फितविल्यावर वहीत चोरी कशी दिसणार? ह्यूस्टनच्या लिनक्स-मंडळातील सभासदांच्या हे ध्यानात आले, तेही एका साध्या ताळ्यामुळे. मसुद्याच्या प्रत्येक अक्षरावरून एक संख्या काढून ठेवलेली असते. ती नव्या प्रतीशी जुळेना.

दुसरे प्रकरण वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटेल. जेराल्ड कोम्ब्स यांनी 1998 मध्ये याच कामाची 'इथरिअल' ही आज्ञावली खुली केली. 2006 मध्ये त्यांनी नोकरी बदलली. नावाचा व्यापारचिन्ह-हक्क जुन्या मालकाकडे होता. मसुदा मात्र बराचसा त्यांचा स्वतःचा, आणि उरलेला खुल्या परवान्याखालचा. तेव्हा त्यांनी नाव तेथेच सोडले, मसुदा उचलला आणि 'वायरशार्क' नावाने काम पुढे चालू ठेवले. नाव मागे राहिले तरी लिहिणारे मंडळ त्यांच्याबरोबर आले. आज जुने नाव फारसे कोणास आठवत नाही. नावलौकिकाचे मूल्यांकन शिकविताना आमच्या प्राध्यापकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे, कारण येथे लौकिक पाटीपेक्षा माणसांबरोबर गेला.

आपल्याकडेही या दोन गोष्टी निराळ्याच आहेत. 1957 च्या लेखाधिकार कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीस साहित्यकृतींत जागा मिळाली, तर नावाचा प्रश्न 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली येतो.