धुराचा माग



पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें अनुमानाचें उदाहरण आपल्या न्यायशास्त्रांत प्रसिद्ध आहे. परंतु धूर डोक्यावर आणि अग्नि शेंकडों कोसांपलीकडे असेल, तर त्याचा उगम कसा शोधावयाचा?

२४ सप्टेंबर १९५० ह्या रविवारीं कॅनडाच्या ऑंटेरिओ प्रांतांत व अमेरिकेच्या ईशान्य भागांत भर दिवसा काळोख पसरला. कित्येकांना तें ग्रहण वाटलें. कित्येकांना अणुबॉंबची शंका आली. वस्तुतः पश्चिमेस फार दूर, ब्रिटिश कोलंबिया व आल्बर्टा येथील अरण्यांत, चिंचागा नांवाचा प्रचंड वणवा पेटला होता. दोन दिवसांनीं स्कॉटलंडमधील लोकांना त्याच धुरामुळें सूर्य निळा दिसला! त्या वेळीं आकाशांतून पृथ्वीकडे पाहणारा डोळा मनुष्याजवळ नव्हता. हवामान पाहणारा पहिला यशस्वी उपग्रह, टायरॉस-१, हा १ एप्रिल १९६० रोजीं सोडण्यांत आला.

आतां दुसरा प्रसंग पाहूं. जून २०२३ च्या आरंभीं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत अनेक ठिकाणीं वणवे लागले, आणि ७ जून रोजीं न्यूयॉर्कचें आकाश नारिंगी झालें. ह्या वेळीं मात्र तो धूर कोठून आला हें कोडें राहिलें नाहीं. तें कसें उलगडलें?

सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर 'गोज' मालिकेंतील उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळें एकाच प्रदेशावर स्थिर राहतो, व दर १० मिनिटांनीं पृथ्वीच्या आपल्यासमोरील बाजूचें चित्र घेतो. अशीं चित्रें ओळीनें पाहिलीं म्हणजे धुराचा प्रवास डोळ्यांपुढें उभा राहतो. दुसरे उपग्रह सुमारे ८०० किलोमीटरांवरून, ध्रुवांजवळून प्रदक्षिणा घालतात. ते अवरक्त किरणांच्या साहाय्यानें रात्रीं देखील आगीचें स्थान दाखवितात. त्यांच्या चित्राचा एक ठिपका ३७५ मीटरांइतका बारीक असतो.

धूर आणि ढग ह्यांत भेद कसा करावा? ढग पांढरा असतो व धूर करडा किंवा तपकिरी. पण रंग पुष्कळदां फसवितो. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात कीं, लांब लहरींचे अवरक्त किरण त्यांतून बहुतांशीं पार जातात; दाट ढगांतून जात नाहींत. म्हणून जें साध्या चित्रांत दिसतें, पण अवरक्त चित्रांत जवळजवळ लुप्त होतें, तें धूर असण्याचा संभव अधिक. मग वाऱ्यांचा नकाशा त्याशीं ताडून पाहतात. त्या दिवसांत ईशान्येस कमी दाबाचें क्षेत्र ठाण मांडून बसलें होतें. त्याभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरणाऱ्या वाऱ्यांनीं धूर दक्षिणेस ओढून आणिला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. उपग्रह वरून पाहतो. धूर जमिनीलगत आहे कीं पांच किलोमीटर उंच आहे, हें साध्या चित्रावरून ठरत नाहीं. उंचावरील धूर सायंकाळ तांबडी करून निघून जातो. खालीं उतरलेला धूर लहान मुलांच्या व वृद्धांच्या फुप्फुसांत शिरतो. उंची मोजण्यासाठीं २००६ ते २०२३ पर्यंत कॅलिप्सो नांवाचा उपग्रह लेसर किरण खालीं सोडून त्यांचें परावर्तन टिपीत असे. परंतु त्याच्या मार्गाखालील अरुंद पट्टाच त्यास दिसे. आपण काय श्वासावाटे घेत आहों, हें अखेर जमिनीवरील यंत्रच सांगतें. न्यूयॉर्कमध्यें त्या यंत्रांवरून हवेचा निर्देशांक कांहीं काळ ४०० च्या वर गेला. तेथें ३०० च्या वरील हवा धोक्याची मानितात. म्हणूनच तेथील शाळांनीं मैदानावरील खेळ बंद ठेविले.

सारांश, वरचा डोळा धुराची वाट दाखवितो व खालचें यंत्र त्याचें विष मोजतें. पहिल्यावांचून सूचना वेळेवर मिळत नाहीं, दुसऱ्यावांचून ती खरी ठरत नाहीं. जून २०२३ च्या अखेरीस कॅनडांतील धूर अटलांटिक महासागर ओलांडून पश्चिम युरोपांतही पोहोंचला. १९५० सालीं निळ्या सूर्याकडे लोक विस्मयानें पाहत राहिले. २०२३ सालीं धुराचा मार्ग त्यांना नकाशावर पाहतां आला. धूर तोच, वारा तोच. मनुष्याचें निरीक्षण मात्र वाढलें आहे. तेंच वाढविणें हें विद्यार्थ्याचें काम होय.