गुलाबी बोंडअळीचा पतंग : एक अभ्यास

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. बोंड फोडल्यावर सरकी पोखरणारी गुलाबी अळी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. पण तिचा पतंग किती जणांना ओळखता येईल? मी कास्तकाराचा मुलगा असूनही मला तो ओळखता येत नव्हता. दिव्याखाली पडलेले करडे 'किडे' आम्ही सकाळी झाडून टाकत असू.

या पतंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली लंडनमध्ये विल्यम विल्सन साँडर्स यांनी केले. त्यांच्याकडे आलेले नमुने भडोचच्या कापसावरचे होते. शास्त्रातील वर्णन म्हणजे आपल्या निबंधातील वर्णन नव्हे. तेथे उपमा चालत नाहीत; दुसऱ्या पतंगाशी गफलत होऊ नये इतके नेमके लिहावे लागते. पंख पसरले असता रुंदी १५ ते २० मिलिमीटर. पुढचे पंख करडे-तपकिरी, त्यांवर गडद डाग. मागचे पंख रुपेरी-करडे, कडेला केसांची झालर. साँडर्स यांनी कापसाच्या लॅटिन नावावरून या जातीला 'गॉसिपिएला' म्हटले. पुढे १९१७ साली ऑगस्ट बस्क यांनी तिच्यासाठी 'पेक्टिनोफोरा' ही प्रजाती स्थापन केली. या शब्दाचा अर्थ कंगवा धारण करणारी. पतंगाच्या शृंगिकेच्या बुडाशी तसे राठ केस असतात.

हे सारे मी घरी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "नाव माहीत होऊन का फायदा? अळी तं बोंडातच रायते."

बाबांच्या बोलण्यातच उत्तर आहे. अंड्यातून चार-पाच दिवसांत अळी निघते, बोंडात शिरते आणि मागचे छिद्र बुजून जाते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अळी दिसण्याआधी पतंग ओळखला पाहिजे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात.

२०१७ च्या हंगामात बी. टी. कपाशीलाही न जुमानता या अळीने विदर्भात अतोनात नुकसान केले. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली. साऱ्याच फवारण्या या अळीसाठी नव्हत्या. तरीही कशासाठी व केव्हा फवारावे हे कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे त्या वर्षाने शिकविले.

यंदा आम्ही वावरात सापळे लावले. रोज सकाळी मी पतंग मोजून वहीत आकडा लिहीत असे. एके दिवशी मी कॉलेजात असताना बाबांनीच मोजले. त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ठेवल्या होत्या. रेघा सहा होत्या. मी स्वतः जाऊन पाहिले, सापळ्यात पतंगही सहाच होते.

लंडनच्या पानांवरचे वर्णन आमच्या भिंतीपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. पुढच्या वावरापर्यंत ते नेणे आपल्या हाती आहे.